इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या हूलिगन, म्हणजे दंगेखोर समर्थकांच्या, टोळ्या क्लबची जर्सी घालत नाहीत म्हणतात. मग समोरचा आपला की विरोधी संघाचा, हे त्यांना कळतं कसं?

कपड्यांवरून अर्धंच कळतं, तेही जर्सीवरून नाही.

सत्तरच्या दशकात इंग्लंडचे पोलीस मफलर-जर्सीवाल्यांना रेल्वे स्टेशनवरच घेरायचे. टोळ्यांनी त्यावर तोड काढली: अंगावरचे रंगच उतरवले. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबची टोळी तर समर्थकांच्या खास गाड्या सोडून साध्या इंटरसिटी रेल्वेने जायची, म्हणून तिचं नाव 'इंटर सिटी फर्म' (आयसीएफ). एखाद्याला बडवल्यावर 'अभिनंदन, तुमची आयसीएफशी गाठ पडली' असं छापलेलं कार्ड टाकून जायचे. व्हिजिटिंग कार्ड! माज म्हणतात तो हा.

जर्सीच्या जागी भारी कपडे आले. लिव्हरपूलची पोरं सामन्यांसाठी युरोपात गेली की तिकडचे ब्रँड घेऊन यायची, काही जण तर पैसे न देताच. लाकोस्त, फिला, पुढे स्टोन आयलंड. त्याच्या डाव्या बाहीवर दोन बटणांनी अडकवलेला होकायंत्राचा बिल्ला असतो. पोलिसाला त्यात काही वावगं दिसायचं नाही, समोरच्या टोळीला मात्र इशारा पोचायचा. कालांतराने पोलीसही शहाणे झाले. मग बिल्ला काढून खिशात.

पण यातून माणूस 'लाइनीतला' आहे एवढंच समजतं, कुणाचा ते नाही. त्यासाठी जुनी युक्ती म्हणजे जाऊन वेळ विचारायची. उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सचा माणूस बोलीमुळे दोन शब्दांत उघडा पडतो.

मिलवॉल आणि वेस्ट हॅम या लंडनच्याच दोन क्लबांमध्ये तीही चालत नाही. मिलवॉल १८८५ मध्ये लंडनच्या गोदीभागातल्या मुरंबे बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला, तर वेस्ट हॅमचं मूळ १८९५ च्या जहाज कारखान्याच्या संघात. थेम्स तीच, कष्ट तेच, बोली तीच. मिलवॉल १९१० मध्ये नदीपलीकडे गेला, एवढाच फरक. आणि कडवं वैर यांचंच! २००९ मध्ये लीग कपच्या सामन्याला वेस्ट हॅमच्या तेव्हाच्या अप्टन पार्क मैदानाबाहेर दंगल होऊन एकाला भोसकलं. इथे ओळख पटते चेहऱ्यांवरून, वर्षानुवर्षं त्याच लोकांशी भिडल्यामुळे. मला तर ही सरळ भाऊबंदकी वाटते. कोल्हापूरकरांना शिवाजी पेठ-मंगळवार पेठ काय वेगळं सांगायचं?

'साध्या प्रेक्षकाला हात लावत नाही' हा टोळ्यांचा दावा मात्र सोडून द्या. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूलवाले शेजारच्या भागात घुसले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ जण गेले. त्यात बहुतेक युव्हेंटस या इटालियन क्लबचे साधे प्रेक्षक होते. इंग्लिश क्लबांना पाच वर्षं युरोपबंदी झाली.

आता सीसीटीव्ही आहेत, दंगेखोरांना सामन्याला बंदी करणारे कोर्टाचे हुकूम आहेत, परदेशात सामना असला की अशांचा पासपोर्टही जमा करून घेतात. मी लंडनला नोकरीत असताना बरेच सामने निवांत पाहिले. तुम्ही जाणार असाल तर पाहुण्या संघाची जर्सी घालून यजमानांच्या स्टँडमध्ये बसू नका, सुरक्षारक्षक बाहेर काढतात. आणि पबच्या दारावर 'फक्त यजमान समर्थक' अशी पाटी दिसली, तर बिअर दुसरीकडे घ्या.