वाहून आलेल्या शवाची चौकशी : किनाऱ्यावर रुजू होणाऱ्या तरुण पशुवैद्यकास पत्र

नाशिक

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. कोकण किनाऱ्यावर तुझी नेमणूक झाल्याचे कळले आणि डॉल्फिनच्या शवविच्छेदनाची पद्धत कळवावी, हा तुझा आग्रहही पोहोचला. कापायचे कसे, हे पुस्तकात सापडेल आणि हाताला ते लवकर बसेल. मी लिहिणार आहे ते कापण्याआधीच्या तासाभराविषयी आणि कापून झाल्यावर ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात काय लिहायचे याविषयी, कारण बरेचसे अहवाल याच दोन ठिकाणी निकामी होतात.

निफाड-सिन्नर पट्ट्यात बिबट्याच्या मृत्यूची चौकशी करताना आपल्याला एक सोय असते : जनावर बहुधा मेले तिथेच किंवा जवळपास सापडते, आणि वाहनाची धडक असो वा विहिरीत पडणे असो, त्याच्या खुणा परिसरात राहतात. समुद्र ही सोय देत नाही. शव जिथे लागले ती जागा वारा आणि प्रवाह यांनी ठरवलेली असते. मोसमी वारे किनाऱ्याकडे जोराने वाहू लागले की एरवी खोल पाण्यातच कुजून गेली असती अशी शवेही वाळूवर येतात. म्हणून पावसाळ्यात नोंदी वाढल्या म्हणजे मृत्यू वाढले, असा अर्थ लगेच काढू नये. त्यातच पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात जाळ्याचे वळ असलेले शव मिळाले, तर ते बंदीआधीचे, बंदी मोडणाऱ्या नौकेचे की बिगरयांत्रिक होडीच्या जाळ्यातले, हे सापडल्याच्या तारखेवरून ठरत नाही; त्यासाठी कुजण्याची अवस्था आणि मागील काही दिवसांचा वारा दोन्ही पाहावे लागतात. शिवाय जे किनाऱ्यावर येते ते फार थोडे असते. मेक्सिकोच्या आखातातील डॉल्फिन-देवमाशांच्या मृत्यूंपैकी सरासरी सुमारे दोन टक्क्यांचीच शवे सापडतात, असा अंदाज तिथल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये मांडला होता. आपल्याकडे हा आकडा उचलून लावू नकोस. पण रिकामा किनारा म्हणजे निरोगी समुद्र नव्हे, एवढे त्यावरून समजावे.

आता तो पहिला तास. वनविभागाचा अधिकारी आणि पंचनामा यांशिवाय शवाला हात लावू नये, कारण डॉल्फिन आणि देवमासे हे सर्व प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि दातसुद्धा परवानगीविना ठेवून घेता येत नाही. मग दोन्ही बाजूंची, तोंडाची, परांची आणि शेपटीची छायाचित्रे मोजपट्टी ठेवून घ्यावीत. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजावी. अंगाच्या वळणावरून टेप फिरवली तर तुझे माप दुसऱ्या कोणाच्याही मापाशी जुळणार नाही. अवस्थेचे पाच टप्पे मानले जातात, जिवंत प्राण्यापासून निव्वळ सांगाड्यापर्यंत. यातील टप्पा ठरवताना कातडीवर विसंबू नये. चरबीचा जाड थर उष्णता आत कोंडून ठेवतो, त्यामुळे बाहेरून ताजा वाटणाऱ्या देवमाशाचे यकृत आत पार विरघळलेले असू शकते. फुगलेल्या मोठ्या शवाला घाईने छेद देऊ नये. जानेवारी २००४ मध्ये तैवानमधील ताइनान शहरात वाहून नेला जाणारा स्पर्म व्हेल (दात असलेला एक प्रचंड देवमासा) कुजताना साठलेल्या वायूंच्या दाबाने भर रस्त्यात फुटला होता.

जाळ्यात अडकून झालेला मृत्यू ओळखणे हे तुझे सर्वांत मोठे आणि सर्वांत अवघड काम राहील. विहिरीत बुडालेल्या बिबट्याच्या फुप्फुसात आपण पाणी शोधतो. डॉल्फिन पाण्याखाली श्वास रोखून धरतो आणि बहुधा गुदमरून मरतो, त्यामुळे फुप्फुसात पाणी नाही म्हणून जाळे नाकारता येत नाही. चोचीवर आणि परांच्या कडांवर बारीक समांतर वळ, श्वासनलिकेत फेस, अंगावर भरपूर चरबी, पोटात न पचलेली मासळी आणि दुसऱ्या रोगाचा अभाव, ही सगळी चिन्हे एकत्र आली तरच मत द्यावे. यांपैकी एकटे कोणतेही पुरेसे नाही. शेपूट किंवा पर सफाईने कापलेले दिसले, तर जाळे सोडवताना ते मेल्यावर कापले गेले की जिवंतपणी, हे जखमेच्या कडेतील रक्तस्रावावरून पाहावे.

याउलट कारणे अशीही आहेत जी डोळ्यांना दिसतच नाहीत. १९९० मध्ये भूमध्य समुद्रात पट्टेरी डॉल्फिन मोठ्या संख्येने मेले तेव्हा मॉर्बिलीविषाणू (गोवराच्या विषाणूच्या कुळातला) सापडला तो ऊतींच्या तपासणीतून. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर देवमाशांचा एक गट किनाऱ्याला लागला. त्यात बहुतेक चोचवाले देवमासे होते. त्यांच्या कानांभोवतीचा रक्तस्राव आणि जवळच चाललेला नौदलाचा सोनार (पाण्यात ध्वनी सोडून वस्तू शोधणारे यंत्र) यांचा संबंध जोडता आला, कारण काही डोकी ताजी असताना जपली गेली होती. ऊतींचे तुकडे सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत, फॉर्मलीन (ऊती टिकवणारे द्रावण) त्यांच्या दहापट हवे, आणि हे तुकडे कधीही गोठवू नयेत. विषाणूसाठीचे नमुने मात्र गोठवावेच लागतात. ब्रुसेला या जिवाणूचा संसर्ग माणसालाही होतो, तेव्हा हातमोजे आणि मास्क यांचा कंटाळा करू नकोस.

जिवंत प्राणी लागला तर गर्दी शेपटीला धरून ओढू लागते. ते आधी थांबव. सावली कर, अंग ओल्या कापडाने झाक, श्वासरंध्र मोकळे ठेव. मोठ्या देवमाशाच्या बाबतीत लोकांना खोटी आशा देऊ नये. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला जिवंत लागलेला निळा देवमासा किनाऱ्यावरच मेला. पाण्याचा आधार सुटला की स्वतःचे वजनच त्याला चिरडते.

कोळीवाड्यात चौकशीला जाताना पोलिसी सूर नको. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्यात २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, हे आधी सांग आणि मग विचार. शव कुठे तरंगत होते, ते त्यांनी तुझ्याआधी पाहिलेले असते. अंबरग्रीसचे (स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या, अत्तरासाठी महागड्या ठरणाऱ्या पदार्थाचे) भाव विचारत शवाभोवती घुटमळणारे मात्र वेगळे. त्यांची नावे वनपालाकडे दे.

अहवालात ‘काय दिसले’ आणि ‘काय वाटले’ यांची पाने वेगळी ठेव. कुजलेल्या शवात कारण ठरले नाही, तर ‘अनिश्चित’ असे लिहून त्यापुढे का ठरले नाही, हेही लिही. वरिष्ठांना किंवा बातमीदारांना उत्तर हवे असते म्हणून ‘प्रदूषण’ लिहून मोकळे होणारे मी पाहिले आहेत. अशा नोंदींवर पुढे कोणालाही काही उभारता येत नाही. बाटलीवरची शाई फॉर्मलीनने पुसली जाते, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतही टाक, आणि शव पुरले तर जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेव. सांगाडा वर्षभराने उकरावा लागला तर ते लागतील.

तुझा,
नाशिकचा जुना मास्तर