एबीएसचा दिवा लागला म्हणून घाबरू नको

भाऊ, ट्रकची चावी ऑन केली की एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागणारच. ती त्याची स्वतःची तपासणी असते. काही गाड्यांत तो थोड्या वेळानं विझतो, काहींत गाडी जराशी चालल्यावर. चालत्या गाडीत पेटलेलाच राहिला तर बिघाड समज. साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊ शकतं. म्हणून वेग कमी ठेव, अंतर जास्त ठेव. हवेच्या प्रेशरचा लाल दिवा मात्र वेगळी गोष्ट. तो लागला की गाडी बाजूला, मग माल कोळशाचा असो की कापसाचा.

लगेच एबीएसचं कंट्रोल युनिट (त्याचा मेंदूच) बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीपासून सावध. आधी चाकाचा सेन्सर बघ, तो चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी रिंगवरून चाकाचा वेग ओळखतो. आपल्याकडं पाऊस पडून गेल्यावर शेतातून कापूस भरून निघालं की काळी माती हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत त्या रिंगवर थापून बसते, वाळली की दगडच. ती खरवडून काढ. सेन्सर स्प्रिंगच्या बुशमध्ये घट्ट बसलेला असतो. रिंगला टेकेपर्यंत हातानं दाब, हातोडी नको. चाक फिरलं की अंतर आपोआप जमतं. पुन्हापुन्हा मागं सरकत असेल तर बेअरिंग ढिली आहे, तिथं सेन्सर बदलून काय उपयोग?

मग वायर आणि कपलर, म्हणजे वायरींचा जोड. हिरवट गंज, उंदरानं कुरतडलेलं, चेसीसला घासलेलं, सगळं बोटानं चाचपून बघ. जॅक लावण्याआधी दुसऱ्या चाकांना उटी लाव, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडसर. दुरुस्तीनंतरही दिवा दिसला तर थोडी चालवून बघ, बऱ्याच गाड्यांत तो तेव्हाच विझतो. आणि बल्ब काढून मालकाला फसवू नको, राजा.