चेंबरवर खोली बांधायची आहे…

प्रश्न : नाशिकला आमचं 1988 सालचं घर आहे. सासूबाईंना आता जिना चढवत नाही, म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी दहा बाय बाराची खोली काढायची आहे. पण तिथूनच आमची ड्रेनेज लाइन जाते आणि मागच्या घरातल्या मोठ्या दिरांचीही तिलाच जोडली आहे. मधे एक चेंबर आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, ‘वरून चार इंच काँक्रीट टाकू, फरशी बसवू, काही होत नाही.’ करावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नका करू. खोली जरूर बांधा, पण चेंबर पुरू नका.

आमच्या सोलापूरच्या घरी 1996 साली भावाच्या लग्नाआधी असंच स्वयंपाकघर वाढवलं. चेंबरचं झाकण शहाबादीखाली गेलं. आठव्या पावसाळ्यात ओट्याखालून वास यायला लागला. आईला वाटलं, उंदीर मेला असेल. फरशीवर काठी आपटली तर खाली पोकळ वाजलं. उकरल्यावर दिसलं, चिनी मातीचा पाइप कॉलरपाशी तुटलेला आणि आजूबाजूची माती वाहून हातभर खड्डा पडलेला. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. सिमेंटने भरलेले सांधे तेवढं सोसत नाहीत. तीन आठवडे आईने पडवीत स्टोव्हवर स्वयंपाक केला. तुमचंही घर त्याच काळातलं, म्हणजे पाइप बहुधा चिनी मातीचाच असेल.

आधी दोन्ही टोकांची चेंबरं उघडा. दिरांच्या संडासात रंगीत पाणी ओतून ते कुठून, किती वेळात येतं ते पाहा. पाइपाचा तळ जमिनीपासून किती खोल आहे, ते टेपने मोजून लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर आहे.

लाइन खोलीला वळसा घालून नेणं सगळ्यांत चांगलं. प्रत्येक वळणावर चेंबर हवं. अडचण येते ती ढाळाची. चार इंची पाइपाला साधारण चाळिसास एक ढाळ लागतो, म्हणजे 12 मीटरला 30 सेंटिमीटर. सहा इंचीला साठास एक चालतो, तेवढ्याच अंतराला 20 सेंटिमीटर. वळशाने लांबी वाढते, पण रस्त्याकडच्या चेंबरचा तळ तेवढाच खोल राहतो. ढाळ पुरत नसेल तर नाइलाजाने पाइप खोलीखालून न्यायचा. तेव्हा तो सरळ, बिनवळणाचा, बीडाचा किंवा जाड पीव्हीसीचा हवा आणि दोन्ही चेंबरं भिंतीबाहेर हवीत. पाया ओलांडतो तिथे वर लिंटेल (भार पेलणारी आडवी पट्टी) टाकून पाइपाभोवती दोन इंच जागा सोडा. भिंतीचा भार त्यावर येता कामा नये. शेजारच्या फुटिंगचा, म्हणजे पायाच्या बैठकीचा, तळ पाइपाच्या तळापेक्षा खोल घ्या. माती लोटण्याआधी खालचं तोंड बंद करून पाइप पाण्याने भरा. पातळी उतरली तर सांधा गळतोय.

दिरांशी कुदळ मारण्याआधीच बोला. लाइन त्यांचीही आहे. 1882च्या सुविधाधिकार कायद्यानुसार 20 वर्षं उघडपणे, बिनहरकत चाललेल्या वापरावर हक्क सांगता येतो, आणि एकाच मालकाच्या जागेची वाटणी झाली असेल तर आधीपासूनची लाइनही अशी अडवता येत नाही. पण कायद्याआधी घरचा माणूस आहे. नकाशा हातात घेऊन जा, नव्या लाइनचा खर्च कोणी किती करायचा ते कागदावर लिहा.

ही मोकळी जागा म्हणजे तुमचं साइड मार्जिन, म्हणजे घर आणि हद्दीमध्ये नियमाने मोकळी सोडायची बाजूची जागा, असेल, तर 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तिथे बांधकाम बसतं का, ते आर्किटेक्टकडून आधी तपासून घ्या. परवानगी नसेल तर बाकीचं सगळं वाया.

सासूबाईंच्या खोलीत कमोड द्या, रात्री अंगण ओलांडायला लावू नका. नवं चेंबर कमोडच्याच भिंतीबाहेर आलं तर जोड तीन-चार फुटांचाच होईल. जोते भरण्याआधी हा जोडाचा पाइप टाकून तोंडाला टोपी लावून ठेवा.