नंदीचे कान काढू नकोस

पोरी,

फोटो मिळाले. तुझ्या संग्रहातला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं ओढत फिरवतात तो, सागवानी नंदी, वीतभर उंच, निळ्या रंगाचे पोपडे आलेला, आणि डोक्याला सायकलच्या ट्यूबचे दोन कान. खाली तुझा प्रश्न: ‘हे रबर उपरं दिसतं, काढून चामड्याचे बसवू का?’

अजिबात नको. नंदी वाढयाने, म्हणजे सुताराने, घडवला; कान घरच्या कोणीतरी लावलेत. बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे खाऊ-पैसे, मागत दारोदार फिरताना कान मोडला असेल, पोरगं रडलं असेल, आणि बापाने हाताशी होती ती ट्यूब कापून खिळे ठोकले असतील. वाढयाच्या हातचे नंदी तुला आणखी मिळतील. हे कान मिळायचे नाहीत.

चाकं नीट पाहिलीस का? पुढची दोन हवाई चपलेच्या तळव्यातून कापलीत. अंगठ्याजवळ पट्ट्याचं जे भोक असतं, त्यातूनच आख ओवलाय. वेगळं भोक पाडायची गरजच पडली नाही. एका जोडातून अशी दोनच चाकं निघतात, म्हणून मागची टायरची. डाव्या चाकाच्या कडेला ‘28 × 1’ एवढं उठलेलं वाचता येतं, पुढचं ‘½’ कापताना गेलंय. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं टायर ते. लाकूड कदाचित आजोबांच्या काळचं असेल, चाकं बापाच्या. तेव्हा कोणी विचारलं तर ‘नंदी इतका जुना’ असं एका आकड्यात सांगू नकोस.

आता रबराचं. लाकूड जपलं तर थांबतं, रबर थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला खातात. जिथे घडी किंवा ताण आहे तिथे आधी चिरा पडतात. कानाच्या मुडपीत बघ, केसाएवढ्या दिसतील.

मी स्वतः एक नंदी घालवलाय. लाकडाला तकाकी यावी म्हणून जवसाचं तेल चोळलं, वर पॉलिथीनमध्ये गुंडाळून टिनाच्या छपराखाली लोखंडी पेटीत ठेवला. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको. जूनमध्ये पेटी उघडली तर कान फुगून मऊ झालेले आणि रंगाला गुळासारखे चिकटलेले. तेलाने रबर फुगतं हे तेव्हा कळलं. त्यातही पितळी खिळ्यांभोवतीचं रबर सगळ्यात आधी गेलं होतं, कारण पितळेतलं तांबं रबराला लवकर सडवतं. तुझ्या नंदीला लोखंडी खिळे आहेत, गंजले असले तरी राहू दे.

म्हणून तेल नको, पॉलिश नको, पाणी तर नकोच. कपाळावरचं हळदकुंकूही तसंच असू दे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाड आणि सुती कापडात सैल गुंडाळून मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, खालच्या फळीवर ठेव. चांदीचं काही शेजारी ठेवू नकोस, रबरातल्या गंधकाने काळं पडतं. आणि आजच कागदावर दोन्ही कानांची बाह्यरेषा पेन्सिलने काढून घे. कान कधीतरी गळणारच. गळाले की तुकडे कागदाच्या पुडीत घालून त्यावर नंदीचा नंबर टाक.

खरेदीबद्दल थोडक्यात. पोळ्याच्या तोंडावर कोणाच्या दारात जाऊ नये, गरज हेरून भाव पाडू नये, आणि पैशांबरोबर गाव, घर, वाढयाचं नाव विचारून वहीत लिहावं. शंभर वर्षांवरचं काही हाती लागलं तर 1972 च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते. बाहेरदेशी विकायचा विचारही नको.

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावचा तान्हा पोळा पाहायला गेलो होतो तेव्हा वाटेतल्या एका खेड्यात एका आजीकडून नंदी घेतला. पैसे मोजून झाल्यावर ती म्हणाली, “ने बाबू, पण तान्ह्या पोळ्याले आणून देजो. नातवाले वढाले लागते.” तेव्हापासून दरवर्षी नेऊन देतो आणि आठवड्याने परत आणतो. यंदा आला तो नव्या शेपटीनिशी, नायलॉनच्या हिरव्या दोरीची. पहिल्यांदा हात शिवशिवला, सुतळी लावावी म्हणून. मग वहीत तारीख टाकली आणि तसाच ठेवला.

तुझे गुरुजी