माग चार, सूत एकाचंच

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका आडगावातून वाचकाचं पत्र आलं आहे. घरात तीन पिढ्या घोंगडी विणली जातात. ६४ वर्षांचे वडील अजून खड्ड्यातल्या हातमागावर बसतात आणि महिन्याला सहा घोंगडी काढतात. पत्र लिहिणारे स्वतः गोकुळ शिरगावच्या कारखान्यात २५,००० रुपयांवर नऊ वर्षं काम करतात. त्यांना नोकरी सोडून चार मागांची शेड घालायची आहे. त्यासाठी चार लाखांचं कर्ज, १,८०,००० ची ठेव मोडणं आणि कमी पडल्यास बायकोचं चार तोळे सोनं, असा बेत आहे.

तुमची ओढ मला कळते. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यासोबत लोकर उधळताना मी पाहिली आहे. त्या लोकरीचं घोंगडं विणणारा हातच उरला नाही, तर मलाही ते सोसणार नाही. म्हणूनच सांगतो, हा बेत आत्ता करू नका.

आधी तुमचाच हिशेब बघू. सहा घोंगडी २,८०० नी विकली की १६,८०० येतात. सुताचे ६,६०० आणि खळ, गाडीभाडं वगैरे ७०० वजा केले की ९,५०० उरतात. याला तुम्ही नफा म्हटलंय. पण वडील महिन्याचे २५ दिवस मागावर असतात. दिवसाला ३८० रुपये, म्हणजे ही त्यांची मजुरी झाली. नफा शून्य आहे. शेडमध्ये विणायला परका माणूस बसला की ही मजुरी खिशातून जाईल, आणि वर बारा टक्क्यांनी पाच वर्षांचा सुमारे ८,९०० चा हप्ता.

खरी अडचण त्याहून मोठी आहे, आणि ती तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत : "सूत कातणाऱ्या पाच म्हाताऱ्या आहेत." एका घोंगड्याला अडीच किलो सूत लागतं. त्या पाचजणी मिळून महिन्याला १५ किलो कातत असतील, तर ते सहा घोंगड्यांनाच पुरतं. चार मागांना ६० किलो कुठून आणणार? तीन माग रिकामे उभे राहतील आणि हप्ता मात्र सुरूच राहील. शिवाय मेंढपाळ मांसासाठी माडग्याळसारख्या मेंढ्यांकडे वळलेत, त्यांच्या अंगावर कातण्याजोगी लोकर नसते. काळी दख्खनी लोकर, जिला रंगवावं लागत नाही, ती दरवर्षी शोधत फिरावी लागणार.

म्हणून पैसा मागात नको, कताईत घाला. ठेवीतले ७४,००० काढा. त्यातले ३६,००० दोन तरुण बायकांना सहा महिने त्या आज्यांशेजारी बसवायला, महिना प्रत्येकी ३,००० देऊन. १८,००० कताईचा दर किलोमागे १०० रुपये वाढवायला, वर्षभर पुरतील. उरलेले २०,००० कातरणीच्या वेळी मेंढपाळांकडून थेट लोकर घ्यायला. कातरणी वर्षातून दोनदा असते, तेव्हाच साठा करा. लोकर धुऊन कडकडीत वाळवून ठेवा, नाहीतर कसर लागून सगळं वाया जाईल. घोंगड्याचा भाव ३,२०० करा. यंत्रावरचं मिश्र धाग्याचं घोंगडं स्वस्त मिळतं, हे खरं. पण गिऱ्हाइकाला लोकर कुठली, कातली कुणी, हे सांगितलंत तर ४०० रुपयांसाठी तो अडणार नाही, असं मला वाटतं. ठेवीत १,०६,००० राहतील, म्हणजे चार महिन्यांचा पगार. त्याला हात नको. सोन्यालाही नको.

नोकरीचं एक महत्त्वाचं. रुजू झालात तेव्हा पगार ११,००० होता, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेत तुमचं नाव असायला हवं, पासबुकात पाहून घ्या. दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. इतक्या जवळ येऊन तो सोडू नका.

विश्वकर्मा योजनेचं कर्ज मिळेल का, असं विचारलंय. २०२३ साली सुरू झालेल्या त्या योजनेच्या १८ व्यवसायांत हातमाग विणकर नाही. तुम्ही हातमाग विणकराचं ओळखपत्र काढा, विणकरांच्या मुद्रा कर्जाला व्याजात सवलत असते. पण ते दुसऱ्या मागासाठी, आणि महिन्याला ३० किलो सूत सलग तीन महिने घरात आल्यावरच.

तोवर दर सुट्टीला वडिलांशेजारी खड्ड्यात बसा. चिंचोक्याची खळ किती पातळ हवी, ताणा कधी सैल सोडायचा, हे तुम्हाला येतं का, ते पत्रात कुठेच नाही. पुढच्या पत्रात तुम्ही स्वतः विणलेल्या पहिल्या घोंगड्याला किती दिवस लागले, ते कळवा.