नेन्किनची (जपानी पेन्शनची) थकबाकी भरू की एसआयपी वाढवू?

प्रश्न: वय 41. टोकियोत नऊ वर्षं झाली. सहा वर्षं नोकरी केली, गेली तीन वर्षं फ्रीलान्स सॉफ्टवेअरचं काम करतो. उत्पन्न वर्षाला साधारण 60 लाख येन. पत्नी गृहिणी, मुलगी सात वर्षांची. नोकरी सोडल्यापासून कोकुमिन नेन्किन (सरकारी राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता) भरलेलं नाही, आता नोटिसा येताहेत. पुढेमागे भारतातच परतायचं, मग हे पैसे एसआयपीत का टाकू नयेत? पुढच्या वर्षी पीआरसाठी (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी) अर्जही करायचा आहे.

उत्तर: थकबाकी भरा, आणि पीआरचा अर्ज पुढे ढकला.

आधी रक्कम नीट धरा, कारण थकबाकी एकट्या तुमची नाही. तुम्ही कोसेई नेन्किनमध्ये (नोकरदारांच्या पेन्शनमध्ये) होतात तोवर पत्नी अवलंबित म्हणून हप्ता न भरता त्यात धरली जात होती. नोकरी सुटल्यावर तिचा हप्ताही स्वतंत्रपणे सुरू झाला. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. 2025-26 चा दर माणशी महिना 17,510 येन आहे. मागचे हप्ते दोनच वर्षांपर्यंतचे भरता येतात, म्हणजे तुमचं पहिलं वर्ष कायमचं गेलं. उरलेल्या दोन वर्षांचे दोघांचे मिळून आठ लाख येनच्या वर होतात.

आता एसआयपीशी तुलना. एका महिन्याच्या हप्त्यामुळे 65 नंतरचं पेन्शन वर्षाला साधारण 1,730 येनने वाढतं, तेही तहहयात. म्हणजे दहा वर्षांत हप्ता वसूल. शिवाय दोघांचीही भरलेली पूर्ण रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. परतावा डोळे दिपवणारा नाही, हे मान्य. पण इथे तुम्हाला मुळात निवडच नाही. 20 ते 59 वयाच्या प्रत्येक रहिवाशाला, मग तो कुठल्याही देशाचा असो, हा हप्ता सक्तीचा आहे. तुमच्या उत्पन्नाच्या माणसाने नोटिसांकडे काणाडोळा केला तर गोष्ट बँक खात्याच्या जप्तीपर्यंत जाते.

मला जास्त काळजी वाटते ती अपंगत्वाच्या पेन्शनची. ते मिळण्यासाठी त्या आजारासाठी किंवा दुखापतीसाठी डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलात त्या तारखेआधीचे हप्ते पाहतात: एकूण काळाच्या दोन तृतीयांश भरलेले, किंवा लगतच्या एका वर्षात एकही थकलेला नाही. तुमची सहा वर्षं भरलेली, तीन थकलेली. पहिल्या अटीच्या अगदी कडेवर आहात. पत्नीचंही तेच. अपघात झाल्यावर धावत जाऊन भरलेला हप्ता यात मोजला जात नाही. दुसऱ्या श्रेणीच्या अपंगत्वाला वर्षाला आठ लाख येनच्या वर मिळतात. एवढं संरक्षण एसआयपी देणार नाही.

पीआरचं म्हणाल तर मागच्या दोन वर्षांचे हप्ते नुसते भरलेले असून चालत नाही, ते मुदतीत भरलेले लागतात. आज सगळं एकरकमी चुकतं केलंत तरी उशीर नोंदीत दिसणारच. म्हणून दोन वर्षं बँकेतून आपोआप हप्ता जाऊ द्या आणि मगच अर्ज करा. पीआर मिळाली की सुटलो, असंही नाही. कर आणि सामाजिक विम्याचे हप्ते जाणूनबुजून बुडवणाऱ्यांची पीआर रद्द करण्याची तरतूद 2024 च्या जूनमध्ये कायद्यात आली आहे, ती 2027 मध्ये लागू होते आहे.

भारतात परतलात तरी पैसे बुडत नाहीत. पेन्शनच्या पात्रतेला दहा वर्षं लागतात (2017 पर्यंत पंचवीस लागायची!). तुमची सहा अधिक ही दोन, आठ झाली. पुढे दोन वर्षं नियमित भरलंत की पूर्ण, आणि ते पेन्शन भारतात राहूनही घेता येतं. त्याआधीच परतावं लागलं, तर भारत-जपान करारामुळे भारतातली ईपीएफची वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. मात्र जाताना एकरकमी परतावा उचललात तर इथली सगळी वर्षं पुसली जातात, आणि तो परतावाही सध्या जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हिशोबाने मिळतो.

भरताना सर्वांत जुन्या महिन्यापासून सुरुवात करा, दर महिन्याला एकेक महिना मुदतीबाहेर जातो आहे. पत्नीची नोंद बदलली आहे का, हे नेन्किन ऑफिसात त्याच फेरीत विचारून घ्या. एकदम आठ लाख काढणं जमत नसेल तर तिथेच हप्ते बांधून मागा, आणि तेवढे महिने एसआयपी थांबवा.