एजंट सूचना वाचतच नाहीत, काय करू?

प्रश्न : ताई, जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट विकायचाय. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं की ऑफर लेखीच द्या, लोनचं सँक्शन लेटर जोडा, रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत. तरी एजंट लोक फोनवरच "काका, पार्टी रेडी आहे, आकडा बोला" म्हणतात, एकजण तर रोख टोकन घेऊनच दारात आला. काय करू?

उत्तर : काका, आधी ते रोख टोकन परत करा. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड तुम्हाला बसू शकतो, एजंटला नाही. चेक नाहीतर ऑनलाइनच घ्या.

आणि फोनवरचा आकडा ही ऑफर नाहीच हो, त्यात खरेदीदाराचं नाव नाही, सही नाही, पैसे कुठून येणार ते नाही, उद्या तो "मी असं बोललोच नव्हतो" म्हणाला की संपलं! सगळ्यांना एकच व्हॉट्सॲप मेसेज टाका: नाव, रक्कम, टोकन, लोन किती, खरेदीखत कधी, एवढं लिहून सही करून पाठवा, नाहीतर विचार होणार नाही. मला तर वाटतं जो एजंट चार ओळी वाचत नाही तो सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे तो सरकारी कागद, तरी काय वाचणार. पण एखाद्याचा कागद राहिला असेल तर एकदा फोन करून मागा, त्यात खरेदीदाराची चूक नसते बहुतेक वेळा. मुदत वाढवलीच तर सगळ्यांना वाढवा, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नका.